पुढच्या चाकांचे ब्रेक

आमची पोस्टिंग बीडजवळच्या तळावर होती. राज्य निजामाचं, फौज निजामाची आणि लॉऱ्या विलायतेच्या. मी सटवाजी, वडवणीकडचा, लान्स नायक, ड्रायव्हर. काम रोजचं एकच. सकाळी फॉल-इन, मग पाणी-तेल-हवा बघायची, रसद भरायची, घाट चढून नांदूरघाटच्या चौकीला जायचं आणि ड्यूटी संपलेले जवान घेऊन तोच घाट उतरून परत यायचं. हे ऐकून आमचा जावई म्हणतो, "मामा, यात लढाई कुठं आली?" त्याला म्हणावं, त्या लॉरीत बसून बालाघाट उतर एकदा, मग बोल.

आता तुम्ही पाय ठेवला की गाडी जागच्या जागी उभी राहते. आमच्या लॉरीला ब्रेक फक्त मागच्या चाकांना होते. पेडलपासून लोखंडी सळ्या मागं गेलेल्या, त्या ओढल्या की मागची चाकं आवळायची. पुढची चाकं मोकळी. उतारावर सगळं वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात आणि नुसती फरफटतात. पावसाळ्याआधी आमचा शिपाई शिवराम असाच लॉरीसकट दरीत गेला. दोन जवान मागं बसलेले, तेही गेले. त्यानंतर घाटाच्या माथ्यावर आलं की मागचे जवान आपणहून उतरायचे आणि पायी खाली यायचे. मला कुणी काही बोलत नव्हतं, पण मला समजत होतं. लई वाईट वाटायचं.

हवालदार मेहबूबखान आमचे मिस्त्री. घर बीडातच. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. माणूस तोंडानं तिखट, हातानं सोनं. त्यांनी कॅप्टन साहेबांना गाठलं आणि सांगितलं की पुढच्या चाकांनाही ब्रेक लावता येतील. हैदराबादच्या डेपोत नव्या धाटणीची एक लॉरी मोडीत निघाली होती. तिचे पुढचे ड्रम आणि पट्टे मागवायचे, सळ्या इथंच घडवायच्या.

कॅप्टन साहेब कमी बोलायचे. "एक लॉरी को लगाओ. भर के घाट उतारो. रुकी तो सब को लगाओ. नहीं रुकी, तो ये बात खत्म."

झालं! सगळ्यांचे जीव एका लॉरीवर टांगले. ती थांबली तर सगळ्या लॉऱ्यांना ब्रेक, नाही तर शिवरामच्या वाटेनं जायला आम्ही मोकळे.

माझीच लॉरी घेतली. चाकाभोवती एक लोखंडी ड्रम आणि त्या ड्रमावर बाहेरून आवळणारा पट्टा. पट्ट्याच्या आतून जाड विणलेलं अस्तर, तांब्याच्या रिबिटांनी ठोकलेलं. ते अस्तर ड्रमाला घासलं की चाक धरतं. खरी मेहनत दोन्ही बाजू सारख्या आवळण्यात होती. एक बाजू आधी धरली तर लॉरी तिकडंच वळणार आणि सरळ दरीत. उस्ताद जॅक लावून चाक उचलायचे, मी पेडल दाबायचो, ते हातानं चाक फिरवून बघायचे आणि मला शिव्या द्यायचे.

"अबे सट्या, पाँव है का मुसळ? हळू दाब!"

मैदानात धावपट्टी आखून चाचणी घेतली. लॉरी अशी थांबली की माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. उस्ताद पोटभर हसले.

साहेबांनी घाटातली चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवली. मधे खंडेनवमी आली. आमच्या सेक्शनची शस्त्रपूजा नायक धोंडिबा करायचे. धर्मापुरीचे, वयानं आमच्यात थोरले, देवाधर्माचे पक्के. रायफली, संगिनी, लॉऱ्या, सगळं ओळीनं लावायचं, हळदीकुंकू, झेंडूचे हार. उस्ताद पूजेला उभे राहायचे, साखर-खोबरं हातावर घ्यायचे आणि "हो गया क्या, नाईक?" म्हणून कामाला लागायचे. त्या वर्षी माझ्या लॉरीच्या पुढच्या दोन्ही चाकांना झेंडूचे दांडगे हार घातले होते. ब्रेक पार झाकून गेले.

चाचणीच्या सकाळी उस्ताद लॉरीखाली शिरले. सळ्या, नट, पिना, सगळं तपासलं. हार मात्र तसेच ठेवले. म्हणाले, "पूजेचं फूल हाय. मी कशाला हात लावू?" मीही काढले नाहीत. आपण होऊन सुकेपर्यंत काढत नाहीत आमच्यात.

ज्वारीची पोती भरली. कॅप्टन साहेब माझ्या डाव्या हाताला बसले. उस्ताद फुटबोर्डवर उभे. मागं पोत्यांवर धोंडिबा आणि चार जवान. चढताना ब्रेकचं काम पडत नाही. माथ्यावर गेलो, लॉरी फिरवली. जवान सवयीनं उतरायला लागले, तर धोंडिबा गरजले, "बसा की रं! आज कावून उतरता? आज ब्रेक हायेत!"

ऑर्डर अशी होती की पहिल्या वळणाच्या आधी साहेब शिट्टी देतील आणि मी लॉरी थांबवायची.

शिट्टी झाली. मी पेडल दाबलं. मागची चाकं कुरकुरली, फरफटली. पुढची चाकं काहीच झालं नसल्यासारखी चालतच राहिली.

"उस्ताद, पुढचे धरंनात!"

"पाँव मत उठा! दाबून धर!"

"धरंनात म्हणतो मी!"

"सट्या, दाब!"

हँडब्रेक ओढला. काही नाही. वळण समोर, दरी डावीकडं, साहेबांच्या बाजूला. साहेबांनी दरवाजा एका हातानं धरला होता. उडी मारली नाही. मी दोन्ही पाय पेडलवर टाकले आणि उभाच राहिलो. पुढच्या चाकांतून धूर निघाला, हार जळायला लागले. आणि वास आला तो रबराचा नाही, लोखंडाचा नाही. भजी तळल्यासारखा घमघमाट!

मग एकदम पट्ट्यांनी धरलं. लॉरीनं नाक खाली घातलं आणि थांबली. डावं चाक कडेच्या दगडाला टेकलं होतं.

पेडलवरून पाय उचलायची माझी हिंमत होत नव्हती. जवानांनी चाकांखाली दगड लावले तेव्हा उचलले. उस्तादांनी जळका हार बाजूला केला, पट्ट्यावरून बोट फिरवलं, नाकाला लावलं.

"ये तो करडई का तेल है. मेरे ब्रेक को तडका किसने दिया?"

धोंडिबा पुढं आले. तोंडावर रक्त नव्हतं. "म्या लावलं, उस्ताद. खंडेनवमीला. हत्याराला लावतोत तसं. नवं हत्यार म्हणून दोनदा लावलं."

"अरे बाबा, जिसको पकडना है, उसको तेल लगाते क्या?"

"मला काय ठाव! मला वाटलं, चांगलं चालंल."

साहेब इतकंच म्हणाले, "गाडी रुकी नहीं."

उस्ताद ताठ उभे राहिले. "हुजूर, तेल जळलं आणि धरलं. पट्टे धुतो. एक मौका द्या."

साहेबांनी दरीकडं पाहिलं. "ठीक है. मगर माल उतारो. ड्राइवर अकेला."

"न्हाई साहेब," धोंडिबा मधेच बोलले. कॅप्टनला असं तोडून बोलणारा नायक मी पहिल्यांदा पाहिला. "वजन न्हाई तर त्यो इम्तिहान कसला? पोती ऱ्हाऊ द्या. मी बसतो. चूक माझी हाय."

पट्टे उघडले, पेट्रोलनं धुतले, वाळूनं घासले, उन्हात वाळवले. उस्तादांनी प्रत्येक रिबीट पुसली. परत माथ्यावर गेलो. धोंडिबा पोत्यांवर जाऊन बसले, तोंडानं देवाचं नाव. चारही जवान त्यांच्यामागं चढले. कुणी सांगितलं नव्हतं. उस्ताद परत फुटबोर्डवर उभे राहिले. शेवटी साहेब आले आणि माझ्या डाव्या हाताला बसले.

शिट्टी झाली. मी पाय ठेवला. लॉरी थांबली. वळण अजून लांब होतं.

साहेबांनी पुन्हा उतारावर दोनदा शिट्टी दिली. दोन्ही वेळा थांबली. पायथ्याशी आल्यावर मी खाली उतरलो आणि बाभळीच्या बुंध्याला टेकून रडलो. खोटं कशाला सांगू? इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. मागून जवान ओरडत होते, उस्ताद आणि धोंडिबा एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत होते. साहेब म्हणाले, "सब लॉरियों को लगाओ," आणि तोंड फिरवून रुमालानं घाम पुसला.

त्यानंतर त्या घाटात आमचा एकही माणूस गेला नाही. जवान माथ्यावर उतरायचे बंद झाले. उतारावर झोपायलासुद्धा लागले, हरामखोर.

पुढं दुसरी मोठी लढाई लागली आणि आम्हाला समुद्रापलीकडं धाडलं. तिथं एका सरळ सपाट रस्त्यावर विमानं आली. हवालदार मेहबूबखान आणि नायक धोंडिबा एकाच बाँबनं गेले. पावसाचा मुलूख, सरणाला कोरडं लाकूड मिळेना, थांबायला सवड नव्हती. पलटणीचे मौलवी साहेब मला म्हणाले, "नायकाचं काय करायचं, तुम्ही सांगा." मी म्हणालो, "दोघांना एकाच कबरीत ठेवा." त्यांनी दोघांसाठी दुवा मागितली, मी दोघांना हात जोडले.

देवाला मी दोष देत नाही. घाटातल्या त्या दिवसानंतर उस्तादांनी नातू मांडीवर खेळवला, धोंडिबांनी लेक उजवली, आणि त्या दोन्ही घरी मी पोटभर जेवलो.