रामदासाचं पान

करी रोडच्या चाळीत दौलत सावंतांना सगळे मिल्ट्री आजोबा म्हणत. एकाहत्तरच्या लढाईतून परत आले आणि पुढे मिल बंद पडेपर्यंत गेटवर वॉचमन राहिले. माणूस कडक! चादरीची घडी सुरीने कापल्यासारखी, आणि चहा पाच मिनिटं उशिरा आला तर तोंडाचा पट्टा सुरू. पण नात दर्शना आजारी पडली की रात्रभर तिच्या उशाशी बसणारेही तेच. एक खोड मात्र विचित्र होती. पाणी पिताना पेल्यात शेवटचा घोट ठेवायचे.

भाद्रपदात घरचा म्हाळ असला की पितरांच्या पानांशेजारी ते एक पान जास्तीचं ठेवत. रामदासाचं. हा रामदास त्यांचा लढाईतला जोडीदार. जखमी होऊन पडला, पाणी मागत होता. आजोबा ओढ्यावर गेले आणि वाटेत तोफेचा गोळा पडला. शुद्धीवर आले ते दवाखान्यात. "तुझा जोडीदार गेला," असं तिथे कुणीतरी सांगितलं. त्याच्या गावी जाऊन आईला तोंड दाखवायचा धीर आजोबांना कधीच झाला नाही.

आता ऐका. त्रेपन्न वर्षांत त्या पानाला एकदाही कावळा शिवला नाही. बाकीच्या पानांवर नुसती झुंबड, वडे पळवतील, खीर सांडतील. पण रामदासाच्या पानापाशी आले की थबकायचे, मान वाकडी करून बघायचे आणि उडून जायचे. दर्शनाने हे लहानपणापासून पाहिलेलं. दर वर्षी आजोबा उन्हात हात जोडून उभे असायचे.

चैत्रात ते गेले. जाताना तिचा हात धरून म्हणाले, "रामदासाचा पान चुकवू नको गो बाय. तेचो राग अजून गेलो नाय. कावळो शिवलो की माका सुटल्यासारखा वाटात."

यंदा पितृपक्ष आला तेव्हा बकुळाआत्याने बजावलं, "वर्षश्राद्ध झाल्याबिगर घरात म्हाळ घालूचो नाय हां!" दर्शना म्हणाली, घरचा नको, पण रामदासाचं पान मी ठेवणारच. भर दुपारी ती एकटीच गच्चीवर गेली. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर, पेलाभर पाणी.

कठड्यावर वीसेक कावळे येऊन बसले. एकानेही काव केलं नाही. समोरच्या टॉवरचं कामही त्या वेळी थांबलं होतं म्हणा, पण एवढी शांतता तिने करी रोडला कधी ऐकली नव्हती. पानाकडे कुणी फिरकेना. ती रडकुंडीला आली. "अहो रामदासकाका, माफ करा ना त्यांना! गेले हो ते बिचारे!"

"कुणाचं म्हनायचं हे पान?" मागून आवाज आला.

ती दचकून वळली. जिन्याच्या दारात काठी टेकत एक म्हातारा उभा होता. धोतर, पांढऱ्या मिशा, छातीवर पदक.

"रामदासांचं," ती कशीबशी म्हणाली. "आजोबांच्या मित्राचं."

"मीच त्यो."

दर्शनाची नजर आधी त्याच्या पायांकडे गेली. भुताचे पाय उलटे असतात, हे आजीनेच शिकवलेलं. एक पाय सरळ होता. दुसरा लाकडी.

म्हातारा हसला. "भिऊ नगंस पोरी. जिता हाय. साताऱ्याकडचा, आता ल्योकाकडं घोडपदेवला असतो. मला सांगितलं हुतं, दौलत गेला. म्या पानी मागितलं म्हनून गेला बिचारा. तवापास्नं दर म्हाळाला त्याचं पान ठिवतोय. पर कावळा कधी शिवला न्हाई. वाटायचं, रागावलाय माझ्यावर. आन् परवा पान ठिवलं, तर लगीच शिवला!" त्याने काठी जमिनीवर आपटली. "मग माझ्या डोक्यात उजाडलं. आत्ता शिवला, म्हंजी आजवर जिता हुता! पेन्शनच्या हापिसातनं पत्ता काढला."

घोडपदेव ते करी रोड. फार तर वीस मिनिटांची वाट. दर्शनाला हुंदका आवरेना. जिवंत माणसाच्या पानाला कावळा शिवेल कसा? आजोबा ज्या रागापायी जन्मभर झुरले, तो राग कुणाचाच नव्हता.

रामदासाने काठी बाजूला ठेवली आणि तो पानासमोर बसला. "माझ्याच नावाचं हाय न्हवं? मग मीच जेवतो."

तेवढ्यात बकुळाआत्या वर आली. "अगो बाई! जित्या माणसान आपलाच पान जेवचा?"

"ताई, त्रेपन्न वरसांचा उपाशी हाय," तो म्हणाला, आणि बोटभर खीरही न ठेवता सगळं जेवला. मग पेला तोंडाला लावला. शेवटचा घोट ठेवला आणि पेला कठड्यावर नेऊन ठेवला.

"घे रं दौल्या. मला मिळालं पानी."

कावळ्यांच्या रांगेतून एकच कावळा पुढे आला. त्याने पेल्यात चोच घातली आणि तो पाणी प्यायला.