भाव चढेपर्यंत

आमच्या वडिलांनी कापूस कधी हंगामात विकला नाही. घरातच भरून ठेवायचे. आम्ही पोरं त्यावर झोपायचो, रात्रभर अंग खाजायचं, पण भाव चढल्याशिवाय ते गाडी जुंपत नसत. पडत्या भावात माल देणारा माणूस नव्हे, असं गावात नाव होतं त्यांचं. खानदेशातून सुरतेला आलो तेव्हा माझ्याजवळ चौथीपर्यंतची शाळा होती आणि ही एक गोष्ट.

बरीच वर्षं दुसऱ्याच्या मागावर राबलो. मग सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी भाड्याच्या गाळ्यात स्वतःचे आठ यंत्रमाग टाकले. काम सरळ होतं. सूत आणायचं, विणायचं, कोरं कापड दलालामार्फत विकायचं, त्याच पैशातून परत सूत आणायचं.

एका दिवाळीनंतर बाजार बसला. दलाल गाळ्यावर आला. गुजराती पोरगा, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, मीटरमागे रुपया तुटेल, पण रोकडा मिळवून देतो. काढी नाखो, विकून मोकळे व्हा."

मी म्हणालो, "तो रुपया तुझ्या खिशातून दे, आत्ता टेम्पो भरतो."

हसला, चहा प्यायला, गेला.

कापड साठत गेलं. गाळ्यात मावेना, तेव्हा डिंडोलीला आमच्या राहत्या घरात, पुढच्या खोलीत, पार वरपर्यंत तागे रचले. शेजारी म्हणायचे, शेठ झालात तुम्ही. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. कुणी आलं की तागा उलगडून पोत दाखवायचो.

सूतवाल्याला तागे दाखवून भागेना. मागचे पैसे द्या, मगच नवं सूत, म्हणाला. आधी दोन माग थांबले, मग चार. गाळ्याचं भाडं काही थांबलं नाही. दलालानं वाट काढली, दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणा, माग तरी चालू राहतील. त्याला मी गाळ्याबाहेर काढलं. मजुरी सोडायची म्हणून तर माग घेतले होते.

घरी बायको म्हणाली, "निम्मं तरी इकी टाका. घरमा कपडा शे, पन मशीनले काय चारा टाकशात?"

"तुला काय कळतं बाजारातलं?"

"बाजारनं नही समजत. पन झोपाले जागा नही, तितलं समजस."

माझे कारागीर ओडिशाचे. विणलेल्या मीटरवर पैसे मिळायचे, म्हणजे माग बंद तर त्यांची चूल बंद. त्यातला सगळ्यात जुना माझ्या पाया पडला, "सेठ, बैठ के नहीं चलेगा," म्हणाला आणि शेजारच्या गाळ्यात कामाला लागला. बाकीचेही त्याच्या मागं गेले. तिकडचा खडखडाट भिंतीतून ऐकू यायचा. माझ्याकडे चिमण्या बसायच्या मागांवर.

लग्नसराईत भाव चढला. मी म्हणत होतो तसाच चढला. सगळं कापड चढत्या भावानं गेलं आणि मी पेढे वाटले.

मग सूतवाल्याचं जुनं देणं दिलं, थकलेलं भाडं दिलं, विजेचं बिल भरलं. उरलं त्यात सूत येईना, तेही महागलेलं. आणि बाजार कापड मागत होता! दलाल रोज फोन करायचा, "काका, जेवढं असेल तेवढं द्या." काय देणार? शेजारच्या गाळेवाल्यानं मधले सगळे महिने रुपया सोडून माल काढला होता. त्याचे माग एक दिवस थांबले नव्हते. शेवटी माझे आठही माग त्यानंच घेतले.

वडिलांचा कापूस घरात पडून असला तरी काही मागत नव्हता. माग रोज मागतो. एवढं समजायला किती शाळा लागते?

पुढची खोली रिकामी झाली त्या दिवशी बायकोनं ती झाडली आणि अंथरूण घातलं. कापडाचा विषय तिनं पुढंही कधी काढला नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

अजूनही लग्नसराई आली की मी दलालाला फोन करून कापडाचा भाव विचारतो. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबतो. मी फोन ठेवला की परत सुरू होतो.