खडकासकट गणित

आमच्या शाळेचे किस्से म्हणजे कडब्याची गंजी. एक पेंढी ओढायला जावं तर चार अंगावर येतात! परवा नातसुनेनं सहज विचारलं, "आजी, तुमच्या शाळेत कोणकोणते विषय होते?" बास. तिची भाजी करपली, पण माझं काही आटपेना.

वसमत तालुक्यात, हट्ट्याकडचं आमचं गाव. राज्य निजामाचं. शाळा चावडीच्या एका खोलीत, मधल्या भिंतीपलीकडं पटवारी बसायचा. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही वर्ग त्याच खोलीत आणि तिन्हींना मिळून एकच केशव मास्तर. एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात गोदावरी नदी. ज्याच्या कानावर जे पडेल ते त्याचं. मी पहिलीत असतानाच तिसरीच्या नद्या म्हणत घरभर फिरायचे.

अडचण एकच होती. शाळा तिसरीपर्यंतच. बाबांनी साफ सांगितलं होतं, "चौथी गावात आली तर शीक. वसमतला पोरगी ठेवणार न्हाई." बाबा वाईट नव्हते हो, त्या काळी कोणीच ठेवत नव्हतं. मास्तरांनी चौथीसाठी वर अर्ज केला होता. तालुक्याचे इन्स्पेक्टर साहेब येऊन शाळा तपासणार आणि ते म्हणतील तसं होणार. म्हणजे माझं शिक्षण त्या न पाहिलेल्या साहेबाच्या जिभेवर!

*

गणितापासून सुरू करते. मास्तर मूळचे शहरातले, त्यांचं गणित पुस्तकातलं. एकदा त्यांनी घातलं, एक नांगर दिवसाला अर्धा एकर नांगरतो, तर तीन नांगर किती नांगरतील?

माझ्या वर्गात मारोती नावाचा पोरगा होता, नांगरामागं चालतच मोठा झालेला. तो उठला. "मास्तर, जमीन कंची?"

"गणितातली."

"ते व्हय. पण काळी का बरड?"

मास्तरांनी त्याला तसंच उभं ठेवलं. पण मग दुसरा म्हणाला, खडकाळ बरडात फाळ मोडतो. तिसऱ्यानं विचारलं, वापसा झालाय का, म्हणजे पावसानंतर जमीन औताजोगी सुकलीय का? कोणी पाटीला पेन्सिल लावीना. अर्धवट माहितीवर नांगर जुंपायचा कसा?

शेवटी मास्तरच नमले. त्या दिवसापासून गणित असं सांगायचे, "काळी जमीन, वापसा बराबर, बैल धट्टेकट्टे, गडी आजारी न्हाई, जू नवं..." हे सगळं लिहून घेता घेता पाटी भरायची आणि प्रश्न लिहायला जागाच उरायची नाही.

*

उर्दू सगळ्यांनाच होती. मास्तरांना स्वतःला बेताचीच यायची, आमच्या एक धडा पुढं असायचे एवढंच.

बंजाऱ्यांच्या तांड्यावरची सोनी दुसरीत होती, माझी जीवाची मैत्रीण. तिची पाटी फुटली तेव्हा आम्ही दोघी एकाच पाटीवर लिहू लागलो. मी डावीकडून मराठी लिहायचे, ती उजवीकडून उर्दू. दोघींचे धडे मधे येऊन धडकायचे. मग मी पाटीच्या मधोमध एक रेघ मारली आणि म्हटलं, हा बांध. याच्या अलीकडं यायचं न्हाई.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी बोंब ठोकली, "मास्तर, सोनीनं बांध कोरला!"

आमच्याकडं बांध कोरून शेजाऱ्याच्या रानात घुसणं म्हणजे काय ते सांगायला नको. भावाभावांची डोकी फुटतात. मास्तर काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून पटवारी धावत आला, "कोणाचा कोरला? कुठला शिवार?" पाटी बघून त्यानं कपाळाला हात लावला. पण हाडाचा पटवारीच तो. बोटांनी मापून बांध नीट आखून दिला आणि मगच गेला.

*

आरोग्य हाही विषय होता. रोज नखं तपासायची, हात राखेनं धुवायचे. मास्तर सांगायचे, शाळेत शिकलं ते घरी सांगा.

सोनीनं ते फारच मनावर घेतलं. तांड्यावर नायकाचा शब्द म्हणजे कायदा. एका संध्याकाळी नायक एका भांडणाचा न्याय करत बसला होता, भोवती सगळा तांडा. ही सात वर्षांची पोर मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नायक, नखं दाखवा."

नायकानं स्वतःच्या हातांकडं पाहिलं, हळूच ते पाठीमागं घेतले आणि म्हणाला, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तांड्यावर न्हावी आला. सगळ्यांची नखं होईपर्यंत भांडणाचा निकाल मात्र आणखी चार दिवस लांबला.

*

भूगोलाला सरकारनं एक नकाशा दिला होता. मास्तर तो भिंतीला न लावता जमिनीवर अंथरायचे, उत्तर बराबर उत्तरेला करून. परभणी नकाशात ज्या बाजूला, त्याच बाजूला खरी परभणी. मला अजूनही कोणी गाव विचारलं की आधी हात उठतो, मग तोंड उघडतं.

नकाशाला पाय लागला तर पाया पडायचं, पुस्तकाला पडतो तसं. एकदा मारोतीचा पाय नेमका हैदराबादेवर पडला. मास्तर घाबरून दाराकडं बघू लागले, कोणी पाहिलं तर नाही? राजधानी ती! मारोतीनं एकदा सोडून तीनदा नमस्कार केला. वर म्हणाला, "मास्तर, वसमतवर तर रोजच पडतो. तव्हा काहून न्हाई घाबरत?"

*

आणि मग मी तिसरीत असताना एकदाचे साहेब आले. शेरवानी घातलेले, पिकल्या दाढीचे. नांदेडकडं बरीच वर्षं नोकरी झाल्यामुळं मराठी चांगली बोलायचे. मास्तरांनी त्या दिवशी कायद्यानं नकाशा भिंतीला लावला होता. तिथंच घात झाला.

साहेबांनी मारोतीला विचारलं, औरंगाबाद कुठं आहे? त्यानं दाराबाहेर बोट दाखवलं. साहेब म्हणाले, नकाशात दाखव. मारोती भिंतीपाशी गेला, मान वाकडी करून पाहिलं, उलटा फिरून पाहिलं आणि परत दाराबाहेरच बोट दाखवलं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. गेली चौथी!

मग साहेब माझ्याकडं वळले. "चार गडी एक विहीर बारा दिवसांत खोदतात. आठ गडी किती दिवसांत खोदतील?"

मला उत्तर येत होतं, खरंच येत होतं. मास्तर डोळ्यांनी सांगून राहिले होते, बोल बाई, फक्त आकडा बोल. पण सवय वाईट. तोंडातून निघालं, "साहेब, खडक किती हातांवर लागला?"

"खडक?" साहेब म्हणाले. मला वाटलं, त्यांना कळलं नसेल, म्हणून नीट समजावून सांगितलं. वर काळी माती, ती भराभर निघते. मग मुरूम. मग खडक. तिथं आठ काय नि ऐंशी काय, सुरुंगच लागतो. "आन् सुरुंगाच्या दारूला सरकारची इजाजत लागते, साहेब. आमच्या चुलत्यानं मागितली, ती दोन पावसाळे झाले तरी आली न्हाई. गडी बसूनच हायेत."

भिंतीपलीकडं पटवाऱ्याचा खोकला एकदम थांबला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. सरकारच्या माणसाला सरकारचीच तक्रार सांगितली, हे मला तेव्हा कळलं.

साहेब उठले, छडी घेतली, दारापर्यंत गेले. तिथं थांबून मागं न बघता म्हणाले, "और जवाब?"

"सहा दिवस, साहेब," मी म्हटलं. "पण ते पुस्तकातल्या विहिरीचं."

साहेबांनी जोडे घातले. मग मास्तरांना म्हणाले, "चौथीच्या पहिल्या दिवशी हिला हेच गणित घाला, मास्टर. खडकासकट."