आठ नंबरचा घोटा

"तू विचार करू नको. विचार करायला रिया आहे. तू फक्त पळ."

आमचे कोच सर असं म्हणाले आणि फळ्यावरचा माझ्या नावाचा चुंबक बोटाने मागे ढकलला. अंधेरीतल्या आमच्या फुटबॉल क्लबची मीटिंगची खोली. एसी फुल्ल. सगळी टीम खुर्च्यांवर. मी एवढंच विचारलं होतं, की त्यांची डिफेंडर पुढे आली की तिच्या मागच्या रिकाम्या जागेत मी जाऊ का?

"तुमच्या लोकांत दम असतो," सर हसत म्हणाले. "पिढ्यानपिढ्या ओझी उचललीत. बॉल आण, रियाला दे. हमाल आहेस तू आमची."

मुली हसल्या. मीपण हसले. नाही हसले तर काय होईल, याची भीती वाटली म्हणून.

त्या दिवसापासून मी हमाल झाले.

मी मिडफिल्डर. मानखुर्दची. चेंबूरच्या मैदानावर खेळायला लागले तेव्हापासून मधलीच जागा. बॉल पायाशी यायच्या आधी मान वळवून बघायचं, आपलं कोण कुठे, त्यांचं कोण कुठे. ते बघणं मला फार आवडायचं. बाबा बसवर कंडक्टर. ड्युटी उतरली की युनिफॉर्मवरच मैदानाच्या कडेला येऊन बसायचे. क्लबने मला घेतलं तेव्हा आई विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली. फुटबॉल खेळायचा पगार, तोही पोरीला! बिल्डिंगमधल्या बायका खात्री करायला घरी यायच्या.

रिया क्लबच्या मालकांची पुतणी. तीपण मिडफिल्डर. वाईट खेळायची नाही, खोटं कशाला बोलू. पण ती चुकली की सर म्हणायचे, "गुड आयडिया, बेटा." मी चुकले की, "ए हमाल, डोकं चालवू नको."

भीती माझ्या पोटात राहायला आली. करार एकाच सीझनचा. बूट बांधताना बोटं गार पडायची. संघ जाहीर व्हायच्या दिवशी फोन वाजला की हातातला घास हातातच राहायचा. पास चुकला की मी आधी सरांकडे बघायचे, मग बॉलकडे. जी पोरगी मैदान बघायची, ती आता बेंच बघायला लागली.

कुंपणापलीकडून शाळेतल्या मुली हाक मारायच्या, "हमाल दीदी, सेल्फी!" त्यांना वाटायचं, लाडाचं नाव आहे. मी सेल्फी द्यायचे.

एकदा बाबा मॅचला आले. मी बोलावलं नव्हतं. सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. पूर्ण वेळ सर ओरडत होते. "हमाल, पळ! हमाल, मागे ये!" मी स्टँडकडे बघितलंच नाही.

घरी आल्यावर बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "तुझ्या आज्याला लोक हमाल म्हणायचे. बाजारात पाठीवर पोती वाहायचा तो. ते त्याचं काम होतं. त्याची लाज नाय मला." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुझं काम काय आहे गं?"



सेमीफायनलच्या आदल्या दिवशी सरांनी मला जिमच्या मागे बोलावलं. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

"त्यांची आठ नंबर," सर म्हणाले. "उजवा घोटा आधीच दुखावलाय तिचा. पहिल्या हाफमध्ये ती बाहेर गेली पाहिजे."

मला कळायला वेळ लागला.

"सर, रेड कार्ड मिळेल."

"तुला मिळेल ना. रियाला थोडंच मिळणार?"

"सर, तिचा पाय मोडेल."

"तुमच्या वस्तीत हे काय नवीन आहे का?" ते थंडपणे म्हणाले. "तुझा करार संपतोय, लक्षात आहे ना? बघ मग."

मी मान हलवली. हो म्हणून.

मॅचच्या दिवशी मला चेंजिंग रूममध्ये उलटी झाली. आमची गोलकीपर शबाना, वाकोल्याची, तिने पाठीवरून हात फिरवला. "काय झालं गं?" मी चूळ भरून बूट बांधायला घेतले.

आठ नंबर माझ्याच वयाची असेल. बारीक चणीची. उजव्या मोज्याखाली निळी पट्टी गुंडाळलेली, दुरूनही दिसत होती. सुरुवातीला मी तिच्यापासून लांबच राहिले. बेंचवरून आवाज यायचा, "हमाल! विसरलीस काय?" मी आणखी लांब पळायचे. आपण कोणापासून पळतोय तेच समजेना.

मग तो बॉल आला. तिची पाठ माझ्याकडे. उजवा पाय जमिनीवर रोवलेला, सगळा भार त्याच पायावर. मी वेगात होते. नुसतं घसरायचं होतं, पाय पुढे टाकून. रेफ्री लांब होते.

तिने मान वळवून मागे बघितलं.

तिला कळलं होतं. तिचे डोळे मोठे झाले. ती भीती मला पाठ होती. रोज सकाळी बूट बांधताना माझ्या तोंडावर असायची तीच. फरक एवढाच, की आज ती भीती मी घालत होते. सरांची भीती माझ्या पायांतून तिच्या पायापर्यंत जाणार होती. मी नुसती ओझं वाहणार होते.

मी थांबले. अक्षरशः थांबले. ती बॉल घेऊन निघून गेली.

"हमाल! काय सांगितलं होतं तुला?"

खेळ चालू होता. मी चालत कडेला गेले, बेंचच्या समोर.

"माझं नाव घ्या," मी म्हणाले.

"काय?"

"मला नाव आहे. ते घेतल्याशिवाय मी पळणार नाही. आणि त्या पोरीचा घोटा मी मोडणार नाही."

बेंचवरच्या मुलींनी ऐकलं. बाजूला उभ्या असलेल्या मॅचच्या अधिकाऱ्याने ऐकलं. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बदलीच्या पाटीवर माझा नंबर वर गेला, मला बाहेर काढलं.

माझ्याशिवाय आम्ही मॅच जिंकलो. एकमेव गोल रियाचा. मी एकटीच बसले होते.

बाहेर पडताना शबाना कानात म्हणाली, "मुलींनी सांगितलं मला. तू बरोबर केलंस. पण साक्षीला माझं नाव कुठे घेऊ नको, प्लीज. घरात मी एकटीच कमावते." मी तिच्यावर रागावले नाही. ती भीती मला ओळखीची होती.

करार संपला. क्लबने कळवलंदेखील नाही, ग्रुपमधून काढून टाकलं. मी फुटबॉल संघटनेकडे तक्रार केली. चौकशीला बोलावलं. टेबलापलीकडे तिघे जण, बाजूच्या खुर्चीत सर, पायावर पाय टाकून. मधला माणूस समजुतीच्या आवाजात म्हणाला, "गैरसमज झाला असं सांग, माफी माग. पुढच्या सीझनला कुठेतरी बघू तुझं. आणि हे जातीबितीचं खेळात आणू नका."



"मी नाही आणलं," मी म्हणाले. "मी खेळायला आले होते. हे सरांनी आणलं."

"नीट विचार कर," मधला माणूस म्हणाला. "पुढच्या वेळी येशील तेव्हा बोलू."

आता मी मुलुंडच्या एका छोट्या टीमबरोबर सराव करते. पगार नाही. भीती गेलेली नाही. कुणी मोठ्याने ओरडलं की अजून मी आधी बेंचकडे बघते. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. बाबा म्हणाले, मी येतो सोबत. मी नको म्हटलं.

मी घाबरतच जाणार आहे. तिथे बसून सरांसमोर त्यांचं एकेक वाक्य पुन्हा सांगणार आहे, जसंच्या तसं. माफी मागणार नाही. त्यांना नको असलं तरी मी खेळणार आहे.