पंपात उरलेलं औषध

थोरल्या भावाची नात सव्वा वर्षाची असताना तिला वारंवार त्रास होऊ लागला. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, मग दिवसभर ग्लानी. जानेफळजवळच्या गावातून मेहकरला नेलं की दोन दिवसांत बरी व्हायची. आईसोबत आजोळी गेली की ठणठणीत. घरी परतली की आठवडाभरात पुन्हा तेच.

डॉक्टरांनी विचारलं, फवारणीच्या वेळी पोरीला शेतात नेता का? नाही. फवारणीचे कपडे घरात धुता? नाही, विहिरीवर. भाऊ याबाबत काटेकोर. औषधाचे डबे गोठ्याच्या माळ्यावर, कुलपात. मी वर्तमानपत्रात काम करतो. फवारणीतल्या विषबाधेच्या बातम्या दर हंगामात लिहिल्या, त्या सगळ्या शेतातल्या. घरातलं मीही कधी विचारलं नव्हतं.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे होतो. भाऊ पाठीवर पंप घेऊनच शेतातून आला. तळाशी लिटरभर औषध उरलं होतं. चहाआधी त्याने ते खाटेच्या सांध्यांत, उंबऱ्याला, भिंतीच्या बुडाला मारून संपवलं. ढेकूण आणि वाळवीसाठी. दर फवारणीनंतर त्याचं हेच असतं, गावात इतरांचंही.

"भाऊ, हे घरात काऊन मारतो?"

"मंग फेकू कुठं? बांधावर ओतलं तं बकऱ्या चरतात, नालीत ओतलं तं ढोरं पाणी पेतात."

"अन् घरात लेकरू रांगते त्याचं काय?"

"वास दोन दिवसात जाते ना बे. वास गेला का औषध गेलं." मग सुनेकडे पाहून म्हणाला, "पेपरवाल्याले घरातबी बातमी दिसते."

सून हसली नाही. मुलीला कडेवर घेऊन ती दारातच थांबली होती. "काकाजी, हे तिच्या अंगात जात असन का?"

दुसऱ्या दिवशी फरशीवरची धूळ पिशवीत भरून मी तपासायला नेली. प्रयोगशाळेत माती, पाणी आणि धान्य तपासतात; घरातल्या धुळीसाठी अर्जच नाही. खिडकीवरच्या माणसाने सुचवलं, 'माती' लिहा. लिहिलं. अहवालात नत्र, स्फुरद आणि पालाश ही खतातली द्रव्यं आली, औषधाचं काहीच नाही. शेतीच्या कार्यालयात म्हणाले, हे डॉक्टरांचं काम. डॉक्टर म्हणाले, लक्षणं जुळतात, पण तपासणीशिवाय लिहून देता येणार नाही. तोवर पोरीला त्या घरापासून लांब ठेवा.

सून त्याच आठवड्यात मुलीला घेऊन माहेरी गेली. तेव्हा कुठे भावाने घरात मारणं बंद केलं. सोड्याने तीनदा फरशी धुतली, खाट उन्हात टाकली. भिंती मातीच्या, त्या धुता येत नाहीत. त्यांच्यात किती मुरलंय, किती दिवस राहील, हे सांगणारं जिल्ह्यात कुणी मला सापडलं नाही. मी बरेच उंबरठे झिजवले.

मुलगी तिकडेच चालायला लागली. तिला पुन्हा त्रास झाला नाही. परवा सुनेचा फोन आला. सासऱ्याला, म्हणजे भावाला, ती मामाजी म्हणते.

"काकाजी, मामाजी म्हणतात, आता काहीच वास नाही येऊन राह्यला. आणू का तिले?"

मी म्हणालो, आणखी महिनाभर थांब.

"महिनाच काऊन?"