खाली बसून उठणं

मुलाची गाडी दारात उभी होती आणि जैतूनबी माझ्या चुलीतली राख काढत होती. मी गाडीत पुढं बसले होते, कारण मागं चढायला गुडघा वाकत नव्हता. जैतूनबी माझी शेजारीण. आम्ही दोघींनी जन्मभर मोताळ्याकडच्या वावरांत निंदण केलं, कापूस वेचला. राखेची टोपली उकिरड्यावर टाकून ती गाडीजवळ आली.

"जाय वं. पुन्याले मोठमोठे डाक्टर हायेत म्हने. टोंगळे नवे करून ये."

आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. माझे दोन्ही गेले होते, त्यात डावा जास्त. आधल्या आठवड्यात मी भाकरी करायला चुलीपुढं बसले आणि मला उठताच आलं नाही. तव्यावरची भाकरी जळाली, चूल विझली, ऊन दारातून सरकत निघून गेलं. दिवेलागणीला जैतूनबी विरजण मागायला आली, तेव्हा मी तिथंच बसलेली होते. तिनं काखेत हात घालून मला उठवलं आणि माझ्या मुलाला फोन केला. त्या फोनचा राग मला पुष्कळ दिवस होता.

मुलानं गाडी सुरू करताना सांगितलं, "माय, ज्या दिवशी तू खाली बसून आपल्या हातानं उठशीन, त्या दिवशी तुले परत आणून सोडतो."

"बोलला ते ध्यानात ठेव," मी म्हटलं. त्यानं मान डोलावून "हाव" म्हटलं.

पुण्यात खाली बसायची गरजच पडत नाही. जेवण टेबलावर, टीव्ही सोफ्यावर, संडाससुद्धा खुर्चीसारखा. सून चांगली आहे. हातातलं काम काढून घेते, एवढाच तिचा दोष. पण बसायचीच सवय गेली तर उठायची कुठून येणार? म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचा योगाचा क्लास असतो असं कळल्यावर मी आपण होऊन गेले. गावातल्या बायांनो, तुम्ही हसलात हे मला समजलं आहे.

शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. सगळे तिला मॅडम म्हणतात, म्हणून मीही म्हणते. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "आजी, जमेल तेवढंच करा." मी मान हलवली आणि शेजारच्या चटईवरच्या बाईकडं पाहिलं. ती वाकली की मी वाकायची. तिचे हात जमिनीला टेकले की माझेही टेकलेच पाहिजेत.

हे तुम्हाला समजावून सांगायला नको. निंदणाला आपण बाया ओळीनं बसतो, एकेक पात धरून तण काढत पुढं सरकतो. जिची पात मागं पडली तिची दिवसभर मस्करी होते. "काऊन वं, झोपली का?" जमत नाही असं तिथं कोणी म्हणत नाही. दुखलं तरी हात चालवायचा. मी पुण्याच्या हॉलमध्ये रंगीत चटईवर पातच धरून बसले होते.

गुडघा एवढा सुजला की पाय जमिनीवर टेकवेना. मुलगा म्हणाला, "बंद कर हे." क्लास बंद म्हणजे गाव बंद, हे त्याला कळत नव्हतं आणि मला सांगायचं नव्हतं.

मॅडम घरी आली. "दुखत होतं तर सांगितलं का नाही?"

"पात मागं राहिली असती."

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आजी, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "खाली बसून उठायचं. बाकी तुमचं काही नको."

"मग तेवढंच करू."

सूज उतरल्यावर तिनं माझ्यासाठी भिंतीला खुर्ची लावली. सगळ्या बाया चटईवर आणि मी खुर्चीवर, म्हणजे गावच्या सभेतल्या पाहुण्यासारखी. मी उभीच राहिले. तेव्हा जैतूनबी आठवली. तिचे गुडघे माझ्याआधी गेले. ती स्टुलावर बसून नमाज पढायला लागली तेव्हा मी तिला विचारलं होतं, "असं चालते का वं?" ती म्हणाली होती, "अल्लाले मालूम हाय माह्या टोंगळ्याचं." मी खुर्चीवर बसले.

आधी खुर्चीवरून उठणं. मग बुटक्या स्टुलावरून. मग गोधड्यांच्या थप्पीवरून, आणि त्यातली एकेक गोधडी कमी करत जमिनीवर. उठताना आधी एका अंगावर वळायचं, मग चार पायांवर यायचं, डाव्या गुडघ्याखाली गोधडीची घडी ठेवायची, खुर्ची धरून उजवं पाऊल पुढं टाकायचं. ओझं उचलताना आपण दम कोंडतो. मॅडम म्हणाली, उठताना श्वास सोडा. एवढ्या साध्या गोष्टीनं निम्मं ओझं उतरलं.

शेवटी सगळ्या जणी डोळे मिटून पडून राहत. ते मला जमलं नाही. डोळे मिटले की विझलेली चूल दिसायची आणि मी ते पुन्हा उघडायची. मॅडमला हेही सांगितलं. ती म्हणाली, नका मिटू. मग मी गावाहून आणलेला कापूस घेऊन खिडकीशी बसायला लागले. श्वास घ्यायचा, सरकी चिमटीत धरायची, श्वास सोडत ती काढायची. बाया पडलेल्या असायच्या आणि माझ्या वाटीत सरकी जमायची. चूल दिसायची थांबली.

एका रविवारी मी मुलाच्या घरात खाली बसून जेवले. ताट सरकवलं, वळले, खुर्ची धरली, उठले. सुनेचा हात पुढं आला होता, तो मी घेतला नाही. मुलगा जेवायचा थांबला होता.

"चाल," तो म्हणाला. "सोडतो तुले."

मी गावी राहते त्याला आता दोन हिवाळे झाले. उन्हाळ्यात पुण्याला जाते, त्या हॉलमध्ये माझी खुर्ची भिंतीला असते. बायका ती कोणाला देत नाहीत. इथं प्लास्टिकची खुर्ची चुलीजवळ भिंतीला टेकवून ठेवली आहे. जैतूनबीनं मला पहिल्यांदा उठताना पाहिलं आणि म्हणाली, "हे काय वं, मानूस जनावरावानी उठते का?"

"मी उठते. तू तुह्या टोंगळ्याचं पाह्य."

आता तीही तशीच उठते, कोणी नसताना.

तुमचं खरं घर कोणतं, असं सून फोनवर विचारते. जिथं मी भाकरीला बसताना उठायची काळजी करत नाही, ते घर. तशी जागा इथं आहे, आणि मान्य करायला जड जातं, पण पुण्यातही आहे. फरक एवढाच की इथं दिवेलागणीला भिंतीपलीकडून जैतूनबीचा आवाज येतो.

"उठली का वं?"

मी आधी उठते. मग "हाव" म्हणते.