तुरीचं पुरण आणि बिंदुमाधव काका

बिंदुमाधव काका म्हणजे आमच्या गंगेकाठच्या रामघाटच्या गल्लीतला सगळ्यात भांडकुदळ माणूस. रेल्वेतून रिटायर झाल्यावर तर त्यांना दुसरं कामच नव्हतं. नाववाल्या मोहनशी हवेवरून भांडण, पुजाऱ्याशी पंचांगावरून आणि घरात लीलाकाकूंशी पुरणावरून. काका म्हणायचे, पुरण तुरीच्या डाळीचं, आमच्याकडे आजीपासून तसंच. काकू ग्वाल्हेरच्या. त्या म्हणायच्या, हरभऱ्याचं, नाहीतर पोळ्या तुम्ही लाटा. दर होळीला काकूच जिंकायच्या, स्वयंपाकघर त्यांचं ना!

मी त्यांच्या खालच्या खोलीत राहते. नववीत शाळा सोडली. तोंड चालवायला मी या दोघांकडूनच शिकले.

मग काकू गेल्या, आणि सगळे एकदम शहाणे झाले. काका काहीही बोलोत, "हो काका, बरोबर काका." एकदा काका मुद्दाम म्हणाले, आज गंगा उलटी वाहतेय. मोहननं हात जोडले. "होगा काका, आप कह रहे हैं तो."

काका घरी आले ते बसलेच. दाढी नाही, घाट नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे. गोळ्या दिल्या, आणि यांच्याशी बोलत जा म्हणाले. बोलत तर सगळेच होते. पण कसं? फोटोला हार घालताना बोलतात तसं.

वर्षश्राद्ध झालं आणि होळी आली. त्यांच्या सुनेनं, शरदिनी वहिनीनं, मायेनं तुरीचं पुरण घातलं.

"बाबा, तुमच्या मनासारखं केलंय."

काकांनी पोळीकडे बघितलं आणि ताट सरकवलं. "आता कशाला?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी. माझा दिमाग फिरला. मी त्यांच्याच ताटातली पोळी मोडून तोंडात टाकली.

"छी! काकू बरोबर म्हणायच्या. हे पुरण नाही, गूळ पडलेलं वरण आहे."

"इंदू, गप!" वहिनी.

काका वळले. "काय म्हणालीस?"

"वरण. आजारी माणसाचं."

"तुला काय अक्कल गं?"

"अक्कल नसेल, जीभ आहे."

काकांनी तुकडा तोडला, चावला. "शरदिनी! अगं, डाळीचं पाणी निथळलं नाहीस!"

"निथळलं होतं."

"नाही निथळलं!"

"निथळलं म्हणते ना बाबा!" वर्षभरात वहिनी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली, आणि मग स्वतःच घाबरली.

काका मात्र खुश. भांडता भांडता अख्खी पोळी संपवली, वर तूप मागितलं. मग वाटीत पुरण घेतलं आणि उठले.

"कुठे?" मी.

"घाटावर. त्या मोहनला चाखवतो. बघू कोण वरण म्हणतंय! आणि 'हो काका, बरोबर काका' म्हणाला ना, तर गंगेत ढकलतो त्याला."

जिन्यावरून त्यांचा आवाज खाली खाली जात होता. वहिनी कठड्यावरून वाकून ओरडली, "बाबा, चपला! आणि निथळलं होतं!"